ड्रम कोरमधल्या टाळी घेणाऱ्या रचना: कोणत्या झिजल्या, कोणत्या अजून चालतात?

मैदानरेषा:
डीसीआयचा, म्हणजे ड्रम कोर या मैदानी ब्रास-ड्रम पथकांच्या स्पर्धांचा, हंगाम सुरू झाला की दरवर्षी हाच वाद निघतो, म्हणून या वेळी त्याच्यासाठी वेगळा धागाच काढतेय. शोच्या शेवटच्या मिनिटात अख्खी हॉर्नलाइन, म्हणजे सगळे ब्रासवाले, मैदानभर एका रेषेत येते, सगळ्या बेल (वाद्यांची तोंडं) प्रेक्षकांकडे, आवाज पूर्ण मोकळा, आणि स्टँड उभा राहतो. हा कंपनी फ्रंट. त्याच्या जोडीला फिरता चौकोन, स्कॅटर, पाठमोरं वाजवून एकदम वळणं आणि हल्लीचं पार्क अँड बार्क, म्हणजे एका जागी उभं राहून वाजवणं. एका संध्याकाळी आठ कोर बघा, यातलं बरंचसं आठही वेळा दिसेल.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम कोर्स इंटरनॅशनल १९७१ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. एका कोरचा मूळ संच ब्रास, ड्रम आणि कलर गार्ड (झेंडे-रायफली फिरवणारे) एवढाच. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांची लाइन नसते. मुलं जास्तीत जास्त एकवीस-बावीस वर्षांची. मैदान अमेरिकन फुटबॉलचं, शो साधारण अकरा-बारा मिनिटांचा. मोजमाप यार्डात: ८ पावलांत ५ यार्ड, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. यालाच 'आठ-पाच' म्हणतात. प्रत्येकाला प्रत्येक सेटसाठी, म्हणजे मैदानावरच्या प्रत्येक आकृतीसाठी, स्वतःचा डॉट असतो: कुठल्या यार्डलाइनपासून किती पावलं आणि कुठल्या हॅशपासून (साइडलाइनला समांतर खुणांच्या ओळीपासून) किती पावलं.

आता कंपनी फ्रंट. माझ्या मते दोष बहुतेक वेळा त्या रेषेत नसतो, रेषेपर्यंत पोचायच्या सोळा काउंटांत असतो (एक काउंट म्हणजे एक ठोका, एक पाऊल). समजा ६४ वादक आहेत आणि दोघांमध्ये दोन पावलांचं अंतर ठेवलंय. ६३ फटी गुणिले २, म्हणजे १२६ पावलं, म्हणजे ७८.७५ यार्ड. मैदानाच्या मध्यावरच्या पन्नासच्या रेषेपासून दोन्हीकडे साधारण ११ यार्डलाइनपर्यंत रेषा जाते. त्या टोकाच्या वादकाने आधीच्या सेटला कुठे असायचं? द्रुत लयीत वाजवत वाजवत ३६ इंची पाऊल म्हणजे वरची हद्द. त्याहून मोठ्या पावलाला वाजवणं सोडून पळावं लागतं. सोळा काउंटांत ३६ इंची पावलाने १६ यार्ड होतात. म्हणजे टोकाचा वादक आधीच १६ यार्डांच्या आत आलेला हवा. ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या लक्षात आली की तो फ्रंट आधी लिहितो, मग उलटं मागे जातो, आणि आधीचा सेट आपोआप लांबट, पसरट होतो. प्रेक्षकाला तीस काउंट आधीच कळतं की फ्रंट येतोय. झिजलंय ते हे. लोक वाट बघतात, रेषा येते, टाळी पडते, पण अंगावर काटा येत नाही.

पितळी_सूर:
आवाजाची बाजू मांडतो, कारण या रचनेचा जन्म डोळ्यांसाठी जेवढा तेवढाच कानांसाठी आहे.

फ्रंट मोठा वाजतो त्याला तीन कारणं. सगळ्या बेल एकाच दिशेला. सगळे जवळपास एकाच खोलीवर, त्यामुळे पुढच्यांचा आवाज आधी आणि मागच्यांचा नंतर असं होत नाही. आणि रेषा प्रेक्षकांकडे चालत येते. एका वादकापुरता हिशेब केला तर ६० मीटरवरून ४० मीटरवर आल्याने मोकळ्या जागेत साधारण साडेतीन डेसिबल वाढतात, फुंकर तेवढीच ठेवूनही.

पण रुंदीची किंमत मोजावी लागते. वर दिलेल्या रेषेचं टोक मध्यापासून ३६ मीटर लांब आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. टोकाच्या ट्रम्पेटला मध्याचा आवाज ऐकू येईपर्यंत दशांश सेकंद निघून जातो. १६० च्या लयीत सोळाव्या सुराला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे टोकाचा वादक कानाने मध्याबरोबर राहायला गेला तर तो एक सोळावा मागे पडणारच. म्हणून फ्रंटवर नियम कडक: टोकाच्या वीसेक जणांनी कान बंद, डोळे समोर ताल देणाऱ्या ड्रम मेजरच्या हातावर, पाय त्या हाताबरोबर.

प्रेक्षकाकडे काय पोचतं तेही बघा. पन्नासच्या रेषेवर, वादकांपासून ३० मीटरवर बसलेल्या माणसाला टोकाचा आवाज मध्यापेक्षा सुमारे ०.०५ सेकंद उशिरा येतो. ६० मीटरवर, वर प्रेस बॉक्सच्या उंचीला बसलात तर फरक ०.०३ पर्यंत खाली येतो. म्हणून जाणता अरेंजर फ्रंटवर लांब सूर लिहितो, जाड कॉर्ड, फार तर पाव सूर. फ्रंटवर ट्रम्पेटला सोळाव्यांच्या धावा दिल्या की खालच्या रांगांत नुसता चिखल ऐकू येतो. आणि सगळ्यांनीच लांब कॉर्ड लिहिल्यामुळे सगळे फ्रंट कानाला सारखे वाटतात. रचनेवर येणारा राग निम्मा तरी इथला आहे.

वरच्या_रांगेतून:
मी प्रेक्षक म्हणून कंपनी फ्रंटची बाजू घेणार. खालच्या दहा-पंधरा रांगांत बसणाऱ्याला बाकीचं काही दिसतच नाही. डोळा मैदानापासून चारेक मीटर उंच, आणि समोर १८ मीटर व्यासाचं सुंदर वर्तुळ असलं तरी ते ताटाच्या कडेला नजर टेकवून बघितल्यासारखं दिसतं. रुंदी २६ अंशांची आणि उंची तीन अंशसुद्धा नाही. त्याच जागेवरून ७२ मीटरची रेषा ३० मीटरवर असेल तर ती शंभर अंश व्यापते, मान वळवून बघावी लागते. पैसे देऊन खाली बसलेल्या माणसाला त्या संध्याकाळी पूर्ण दिसलेली ती एकच रचना असते. ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या हालचाली, लिहिणारे सगळे उंचावरच्या प्रेस बॉक्समधून विचार करतात. परीक्षकही बरेचसे तिथेच असतात.

मैदानरेषा:
मुद्दा पूर्ण मान्य. म्हणून ती काढून टाका असं मी म्हणत नाहीये. फक्त 'सोपी रचना, फुकटची टाळी' हे वाक्य कोणी लिहायच्या आत सांगते: नीट फ्रंट चालवणं अवघड आहे, कारण लपायला जागा नाही.

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे रेषेला पोट सुटणं. मधले पुढे जातात, टोकं मागे राहतात. कारण मैदानावरच आहे. रेषा पुढे चालते तेव्हा तिला समांतर अशा खुणा जवळपास नसतात. यार्डलाइन सगळ्या आडव्या छेदणाऱ्या. समांतर म्हणजे फक्त साइडलाइन आणि हॅश. शाळेच्या मैदानावर पुढचा हॅश साइडलाइनपासून साधारण २८ पावलांवर, कॉलेजच्या मैदानावर ३२ पावलांवर. मधल्या पट्ट्यात पायाखाली काहीच नाही. मग प्रत्येक जण शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने बघून चालतो. मधल्यांच्या समोर ड्रम मेजर आणि फ्रंट एन्सेम्बल (पुढच्या कडेला मांडलेली तालवाद्यं) असतं, ते बिनधास्त पाऊल टाकतात. टोकाचे फक्त एका बाजूला बघत असतात आणि बघून मग हलतात. अर्धं अर्धं इंच साचत जातं. सोळा काउंटांत टोक आठ इंच मागे.

उपाय जुनेच आहेत. सरावाच्या मैदानावर दर आठ काउंटांच्या जागी चुन्याचा ठिपका किंवा दोरी. आधी वाद्याशिवाय नुसते पाय, आठ-आठ काउंटांचे तुकडे. मग नवव्या काउंटला 'थांबा' म्हणून गोठवायचं आणि टॉवरवरच्या माणसाने रेषा वाचायची. तो 'पुढे-मागे व्हा' असं सांगत नाही, फक्त कोण बाहेर आहे ते सांगतो. सुधारणा ज्याने त्याने पावलाच्या लांबीतून करायची, जागेवर सरकून नाही. पाऊल साडेबावीसच पडतंय हे पायाला कळलं की शेजारी लागत नाही. आणि काँट्रा (सर्वांत मोठं, खर्जातलं ब्रास वाद्य) टोकाला ठेवू नका. दहा किलोंहून जड वाद्य खांद्यावर घेऊन ३६ इंची पाऊल टाकायला लावलं तर पहिल्या सुराला धाप लागलेली असते आणि रेषेचं टोक बेसूर होतं.

साडेबावीस:
फिरत्या चौकोनावर कोणी बोललं नाही, आणि माझ्या हिशेबी सर्वांत जास्त झिजलेली रचना तीच आहे. झिजली कारण सॉफ्टवेअरमध्ये ती दोन क्लिकमध्ये होते.

आठ बाय आठचा चौकोन घ्या, दोन पावलांचं अंतर. बाजू १४ पावलांची. मध्यापासून कोपरा ९.९ पावलांवर. ९० अंश फिरायचं तर कोपऱ्यातल्याला साडेपंधरा पावलांइतकी वाट. सोळा काउंट दिले तर त्याचं पाऊल जवळजवळ बावीस इंची, अगदी सुखाचं. बारा काउंट दिले तर २९ इंच, चालतं. आठ काउंटांत ४४ इंच होतं, ते विसरा.

आता त्याच चौकोनाच्या पोटातले चौघे बघा. ते मध्यापासून १.४ पावलांवर आहेत. त्यांची वाट सव्वादोन पावलांची, सोळा काउंटांत. म्हणजे एक पाऊल तीन इंचांचं. टाच उचलायची, तेवढीच पुढे टेकवायची, पुन्हा उचलायची, आणि वरचं अंग प्रेक्षकांकडे स्थिर. गुडघा जरा जास्त वाकला की ते 'जागेवर चालणं' दिसतं. जास्त पुढे गेलं की चौकोनाचं भोक बुजतं. ही चार माणसं चुकली की अख्खा चौकोन चुकलेला दिसतो. नवशिका पथकप्रमुख नेमके सर्वांत कच्चे चार आत टाकतो, 'तिथे चालायचं कमी आहे' म्हणून. तिथे सर्वांत पक्के चार हवेत.

दुसरी गोम सॉफ्टवेअरची. पायवेअरसारख्या ड्रिल लिहायच्या प्रोग्राममध्ये सेट एक आणि सेट दोन दिले आणि मधली वाट सरळ रेषेची ठेवली, तर प्रत्येक जण गोलाईऐवजी जीवेवरून जातो. ९० अंशांच्या वळणात अर्ध्या वाटेवर प्रत्येक जण मध्यापासूनच्या मूळ अंतराच्या ७१ टक्क्यांवर येतो. म्हणजे चौकोन मध्येच तीस टक्के आकसतो आणि परत फुगतो, श्वास घेतल्यासारखा. दोन पावलांचं अंतर दीड पावलाच्याही खाली जातं आणि कोपर-कोपर लागतात. उपाय: सोळा काउंटांचे चार-चार काउंटांचे चार उपसेट करा, प्रत्येकी साडेबावीस अंश. मग आकसणं दोन टक्क्यांवर येतं, डोळ्याला कळत नाही. उपसेटचे डॉट मुलांना वेगळे पाठ करायला लावू नका, पण टॉवरवरून दर चार काउंटांना तपासा.

हाच हिशेब गेटला, म्हणजे एका टोकाभोवती दारासारख्या फिरणाऱ्या रेषेला. सोळा जणांची रेषा, बाहेरचा ३० पावलांवर. ९० अंशांना ४७ पावलांची वाट. ३२ काउंट दिले तर ३३ इंची पाऊल, कष्टाचं पण होणारं. सोळा काउंट देऊन ठेवले तर बाहेरचे चार जण पळतात आणि रेषा चाबकासारखी वाकते.

पितळी_सूर:
हा हिशेब एवढा उघड असून दरवर्षी चाबूक दिसतोच. आणि फिरता चौकोन फिरून होतो काय? चौकोनच राहतो. कॅव्हेलियर्स या कोरने २००० च्या दशकात, मायकेल गेन्सच्या ड्रिलमध्ये, फिरणाऱ्या भूमितीला जी उंची दिली ती या कारणाने की आकार फिरताना दुसरा होत असे, आणि त्याची वेळ संगीताच्या वाक्याशी बांधलेली असे. २०००, २००१, २००२, २००४, २००६ ही अजिंक्यपदं, त्यातलं २००० चं कॅडेट्सबरोबर विभागून. त्यानंतर शाळांच्या बँडपर्यंत सगळ्यांनी फिरणं उचललं, बदलणं उचललं नाही.

ध्वजवाली:
कलर गार्डची बाजू राहिली. फ्रंट आला की त्याच्या मागे मोठ्या झेंड्यांची भिंत येते, हे आता इतकं ठरलेलं आहे की गार्ड डिझायनर विचारही करत नाही. व्यवहार पाहिला तर फ्रंटच्या आधी झेंडे बदलायला गार्डला किमान १६ काउंट लागतात: आधीचा ठेवायचा, नवा उचलायचा, गुंडाळी सोडायची, जागेवर यायचं. तेवढा वेळ गार्ड मैदानाच्या कडेला गायब असतो, म्हणजे सोळा काउंट दृश्य अर्धं रिकामं. रेषेच्या मागे चार पावलांपेक्षा जवळ झेंडा फिरवला तर काठी हॉर्नवाल्याच्या पाठीत. आठ पावलं मागे ठेवले तर खालच्या रांगांतून कापड वादकांच्या डोक्यावर दिसतं आणि हात मोकळा राहतो. वारा समोरून असेल तर मोठं रेशमी कापड काठीला चिकटून बसतं, त्यासाठी उचलण्याआधी एक मनगटी झटका बसवून ठेवावा लागतो.

रायफल टॉसचंही तसंच. रेषेत सगळ्यांनी एकदम सहा फिरक्यांचा टॉस, ड्रम ब्रेकच्या शेवटच्या ठोक्यावर झेल. लोक ओरडतात, बरोबर आहे, कारण सोळा रायफली एका आवाजात हातात पडणं खरंच कठीण आहे. पण तो झेल संगीताने मागितलेला नसेल तर ती नुसती कसरत.

वरच्या_रांगेतून:
मग एकेका कोरच्या ठरलेल्या रचनांचं काय? ट्रूपर्सचा सनबर्स्ट? सांता क्लारा व्हॅन्गार्डचा बॉटल डान्स? २०२४ मध्ये बंद पडेपर्यंत कॅडेट्सचा झी-पुल? ते तर वर्षानुवर्षं तेच तेच करतात आणि आम्ही त्यासाठीच जातो.

मैदानरेषा:
ती त्या त्या कोरची सही आहे, आणि सहीला झिजणं लागू होत नाही. ट्रूपर्स १९५७ साली वायोमिंगमधल्या कॅस्परला सुरू झाले. सूर्याच्या किरणांसारखा उघडणारा सनबर्स्ट त्यांचा म्हणूनच लोकांना ठाऊक आहे. व्हॅन्गार्डचा बॉटल डान्स सत्तरच्या दशकापासूनचा, आणि ते तो दरवर्षी करत नाहीत, म्हणून आला की स्टँड पेटतो. तक्रार आहे ती ज्या रचना कोणाच्याच नाहीत त्यांच्याबद्दल.

इतिहासाचा एक तुकडा इथे हवा. १९८३ पर्यंत परीक्षक टिक पद्धतीने गुण कापत: दिसलेल्या प्रत्येक चुकीला दशांश गुण. अशा पद्धतीत पन्नासच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखं सारखं ड्रिल आणि सरळ रेषा हाच शहाणपणा होता. त्याच १९८३ मध्ये जॉर्ज झिंगालीच्या ड्रिलने गारफिल्ड कॅडेट्सनी ती समरूपता मोडली, वाकड्या, वाहत्या, वेगाने बदलणाऱ्या रचना केल्या आणि १९८३, ८४, ८५ असं सलग तीनदा जिंकले. १९८४ पासून टिकही गेले. झिंगालीच्याच हातचा १९९१ चा स्टार ऑफ इंडियाना बघा, क्रुसातून क्रूस. क्रूस म्हणजे तर मुलांनी वहीत काढावा इतका साधा आकार. पण तो तिथे ब्रासच्या चढत्या वाक्याचं टोक म्हणून येतो. त्या वर्षी ते जिंकले. पुढच्या तीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी नुसता क्रूस उचलला त्यांचा क्रूस कोणाला आठवत नाही.

साडेबावीस:
स्कॅटर विसरू नका. १८० च्या लयीत सगळे सगळीकडे पळतात आणि शेवटच्या काउंटला एक लखलखीत आकार जमतो. टाळी आकाराला पडते, पण पळण्याचे २४ काउंट वाचता येत नाहीत. कोण चुकला हे परीक्षकालाही कळत नाही, त्यामुळे सगळा हिशेब शेवटच्या चार काउंटांवर येतो. कित्येक कोर कच्च्या सरावावर पांघरूण म्हणून स्कॅटर घालतात.

नीट करायचं तर: प्रत्येकाची वाट सरळ, पाऊल पहिल्या काउंटपासून शेवटपर्यंत एकाच लांबीचं. वळसा घालायचा नाही, हुकवायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन वाटा एकाच काउंटला एका जागी येत असतील तर एकाला सुरुवातीला दोन काउंट थांबवा. मैदानावर 'तू जरा बाजूने जा' असं तोंडी सांगू नका, कारण बाजूने जाणारा तिसऱ्याला धडकतो. अर्ध्या लयीत चालवून धडकेच्या जागा आधी शोधा. टेनर ड्रमवाल्यांचा संच रुंद असतो आणि त्यांना पायाखालचं दिसत नाही. त्यांच्या वाटा आधी आखायच्या, बाकीच्यांच्या त्यांच्याभोवती. दोन रेषा एकमेकींतून आरपार जातात तिथेही हेच. दोन पावलांच्या फटीत दुसरी रेषा घुसली की माणसामाणसांत साडेबावीस इंच उरतात, ब्रासवाल्यांचे खांदे वळवावेच लागतात, ड्रमना चार पावलांची फट द्यावी लागते.

पितळी_सूर:
पाठमोरं वाजवून वळण्याबद्दल दोन ओळी. ट्रम्पेटचे वरचे सूर बेलच्या दिशेने झोतासारखे जातात, म्हणून पाठमोरी हॉर्नलाइन मंद, गोल वाटते आणि वळल्यावर पडदा फाडल्यासारखा आवाज येतो. युक्ती अस्सल आहे. फसते ती वळता वळता वाजवल्याने: माउथपीस ओठावर सरकतो, पहिला सूर फाटतो. सातव्या काउंटला श्वास, आठव्यावर वळून पाय रोवलेले, एकवर सूर. वळताना बेल खाली आणि एकच्या आधी वर, म्हणजे ओठ जागेवर बसायला अर्धा काउंट मिळतो. एका शोमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा केलं की कानाला आवाजाचं बटण फिरवल्यासारखं वाटतं.

ध्वजवाली:
आणि आता पार्क अँड बार्क. आपल्याकडच्या ढोल-ताशाच्या भाषेत स्थिरवादन. २००४ पासून अँप्लिफिकेशन आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली, मग प्रॉप वाढले. २००९ मध्ये ब्लू डेव्हिल्सच्या खुर्च्या, २०१६ मध्ये ब्लूकोट्सचे उतार. या दोघांच्या हातात ते सामान ड्रिलचा भाग होतं, माणसं त्यावरून, त्यातून वाहत होती, आणि दोघेही त्या त्या वर्षी जिंकले. नकलांमध्ये उरलं ते प्लॅटफॉर्मवर गोळा होणं, सगळ्यांनी एका बाजूला पाय टाकून लंज करणं, आणि तीस सेकंद उभ्याने वाजवणं.

मैदानरेषा:
याला गुणपत्रिकाही कारण आहे. शंभरातले ४० जनरल इफेक्टचे (एकूण परिणामाचे), ३० व्हिज्युअलचे, ३० म्युझिकचे. उभ्याने अवघड वाजवलं तर म्युझिकचे गुण सुरक्षित आणि इफेक्टही मिळतो. चालत वाजवण्याची जोखीम कोण घेणार? पण चालताना वाजवलेली साधी चाल उभ्याने वाजवलेल्या अवघड चालीपेक्षा मला जास्त भिडते. यासाठीच तर हा प्रकार बँडस्टँडवर न होता मैदानावर होतो.

टिपरू_थापी:
सगळं वाचलं. व्यवहाराचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक: ४० ढोल, १० ताशे. गावच्या परेडमध्ये रस्त्यावरून जायचं आणि शेवटी मोकळ्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांचं वादन. शेवटी कंपनी फ्रंट करावा असा आग्रह आहे. होईल का?

साडेबावीस:
रस्त्यावर फ्रंटचा विचार सोडा. दोन लेनचा रस्ता साधारण २४ फूट. ढोल कमरेला आडवा, दोन्ही हात मोकळे फिरायचे तर माणसामाणसांत मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट लागतात. पाच जणांच्या चार फटी म्हणजे २० फूट, दोन्ही कडांना दोन-दोन फूट राहतात. पाचाच्या आठ रांगा. दोन रांगांत दोन मीटर ठेवा, नाहीतर टिपरू पुढच्याच्या पाठीत. ताशे चौथ्या आणि पाचव्या रांगेच्या मध्ये, पाच-पाचच्या दोन रांगांत, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ढोलांना सारखेच जवळ.

पार्किंगमध्ये ४० ढोल दीड-दीड मीटरवर एका रेषेत म्हणजे साडेअठ्ठावन्न मीटर. नको. वीस-वीसच्या दोन रेषा केल्या तरी प्रत्येक साडेअठ्ठावीस मीटरची, ताशे मध्ये ठेवले तर टोकाच्या ढोलाला ताशा ०.०४ सेकंद उशिरा. द्रुत ठेक्यात टोकं मागे ओढतात आणि पथक 'पसरतं'.

पितळी_सूर:
आणि मूळ अडचण वेगळीच आहे. ब्रासची बेल पुढे तोंड करते. ढोलाची दोन्ही पानं डावी-उजवीकडे बघतात. सरळ रेषेत प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिलात तर ढोलाचा आवाज शेजाऱ्याच्या पानावर आदळतो. फ्रंटचं जे कानाचं गणित आहे ते ढोलाला लागूच होत नाही. शेवटच्या ठेक्याला सगळ्यांनी पाव वळण घेऊन टिपराची बाजू प्रेक्षकांकडे केली तर ठोक्याची धार एकदम वाढेल. ढोलासाठी 'वळणं' म्हणजे हे, आणि ते अजून कोणी झिजवलेलं नाही.

मैदानरेषा:
त्यात भर. रेषेऐवजी अर्धं रिंगण करा, उघडी बाजू प्रेक्षकांकडे. वीस ढोल दीड-दीड मीटरवर अर्धवर्तुळात उभे केले तर त्रिज्या नऊ मीटर होते. ताशे केंद्रात. आता प्रत्येक ढोल ताशापासून नऊच मीटर, म्हणजे सगळ्यांना ताशा सारखाच, ०.०२६ सेकंदांनी. कोणी मागे पडायचं कारणच उरत नाही. उरलेले वीस बाहेरच्या अर्धवर्तुळात, त्रिज्या अकरा मीटर, साधारण पुढच्या दोघांच्या फटीत. ध्वज त्यांच्याही मागे दोन मीटर सोडून.

आखायला केंद्रात खिळा किंवा एक माणूस, नऊ आणि अकरा मीटरच्या दोन दोऱ्या, आणि खडू. दर दीड मीटरला खूण. बाहेरच्या वर्तुळात फट थोडी मोठी होते, सुमारे १.८ मीटर, ती तशीच राहू द्या. रस्त्यावरच्या रांगांतून रिंगणात येताना पहिल्या चार रांगा आतल्या वर्तुळात जातील. रांगेतला डावीकडचा आधी वळेल आणि बाकीचे त्याच्या मागून येतील, रेषा ओढल्यासारखे. येताना फक्त टोल आणि ताशा चालू ठेवा, ढोल गप्प. शेवटचा ढोल खुणेवर उभा राहिला की ताशाने दोन आवर्तनं द्यायची आणि मग चाळीस टिपरं एकदम.